डायपरमधल्या बाळाला क्रूझच्या पूलमध्ये का उतरू देत नाहीत?

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ बुक करताना जाहिरातीतला निळाशार पूल डोळ्यांसमोर असतो. पण तुमचं पिल्लू अजून डायपरमध्ये असेल, तर बहुतेक जहाजांवर त्याला त्या पूलमध्ये उतरता येत नाही. स्विम डायपर घातला तरी नाही.

कारण स्विम डायपर घट्ट शी अडवतो. पातळ शी आणि जंतू नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर क्लोरीनच्या पाण्यातही काही दिवस तग धरतो. शेकडो माणसं एकाच जहाजावर, एकाच बुफेवर! जुलाबाची साथ पसरायला कितीसा वेळ लागणार? अमेरिकेच्या सीडीसीचे जहाजांसाठीचे नियम म्हणूनच याबाबत कडक आहेत. काही जहाजांवर चिमुकल्यांसाठी वेगळी स्प्लॅश जागा असते, पण ते बुकिंगआधीच विचारून घ्या.

किड्स क्लबचंही तसंच. साधारणपणे ३ वर्षं पूर्ण झालेली, शी-शू सांगणारी मुलंच तिथे एकटी राहू शकतात. म्हणजे ‘मूल तिकडे, आपण निवांत’ हा बेत दीड-दोन वर्षांच्या मुलाबरोबर विसराच. ६ महिन्यांखालच्या बाळांना तर बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत.

२ वर्षांखालच्या बाळांना सहसा बोट लागत नाही, त्यानंतर लागू शकते. औषध निघण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, पण तो लहान मुलांचा असेलच असं नाही. आणि चढल्यावर पहिलं काम म्हणजे बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घेणं. केबिनमध्ये बहुधा मोठ्यांचीच ठेवलेली असतात.