लेक तर्कशास्त्र घेते म्हणते!

दहावीचा निकाल लागला, की पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक प्रश्नही घरात येतो, "मग, लातूरला कधी पाठवायलात?" आमच्या परळी वैजनाथात तरी हा प्रश्न चुकत नाही. लातूर, सायन्स, शिकवण्या, झाले! पण गेल्या साली आमच्या शेजारच्या वहिनींच्या लेकीने सगळ्या घराला कोड्यातच टाकले. मार्क चांगले पडले होते, आणि बाईसाहेबांना आर्ट्सला जाऊन तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र घ्यायचे होते!

आजींनी जपमाळ खाली ठेवली. "ज्योतिर्लिंगाच्या गावात राहून तत्त्वज्ञान शिकायला कॉलेज कामून लागतंय? देवळात कीर्तन ऐक की!" वडील म्हणाले, "ह्यानं पोट भरतंय का?" आणि वहिनी दुपारी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? मला पोटाची नाही, तिच्या तोंडाची भीती वाटायलीय. आधीच उलटून बोलती. त्यात वाद घालायचं शास्त्र शिकली, तर उद्या सासरी कसं व्हायचं?"

मैत्रिणींनो, ही भीती आपल्यापैकी कितीजणींच्या मनात असते! म्हणून म्हटले, भाषा, धर्म आणि तत्त्वज्ञान या तीन गोष्टी आपली मुले शाळा-कॉलेजात किती आणि कशा शिकतात, ते आधी पाहू या.

भाषा : मार्कांपुरतीच?

मराठी शाळेत दहावीला मराठी आणि इंग्रजी असतेच. उरलेल्या भाषेच्या जागी हिंदी किंवा संस्कृत घेता येते. संस्कृत संपूर्ण घेतले तर १०० गुणांचे, हिंदीबरोबर संयुक्त घेतले तर दोन्ही ५०-५० गुणांचे. आपण आया मात्र एकच विचारतो, "मार्क कशात पडतात?" पुण्या-मुंबईकडच्या मुलांना फ्रेंच, जर्मनही घेता येते. आपल्याकडे ती सोय दुर्मीळ. पण त्याची फार खंत करू नये. आधी एका भाषेत तरी नीट विचार करता यावा, मग बाकीच्या भाषा येतात.

धर्म : शाळेत किती, घरात किती?

माझे सासरे निजामाच्या राजवटीत शिकले. तेव्हा आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी शाळेत वरचे शिक्षण उर्दूतून. ते सांगायचे, एका तासाला वर्ग दोन भागांत बसे. मुसलमान मुलांना 'दीनियात', म्हणजे धर्मशिक्षण, आणि हिंदू मुलांना 'अखलाकियात', म्हणजे नीतीचे धडे. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही हीच विभागणी होती. "एकाच बाकावरची मुलं त्या तासापुरती वेगळी व्हायची," असे म्हणून ते गप्प बसत.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला आणि पुढे राज्यघटना आली. तिच्या २८ व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदान घेणाऱ्या शाळेतही मुलाला धर्मशिक्षणाला बसवायचे तर पालकांची संमती लागते. पालकांची, म्हणजे आपलीही बरे का! महाराष्ट्रात १९९७ पासून शाळांत मूल्यशिक्षण आले. त्यात वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता अशा गोष्टी आहेत. तेव्हा व्रते, सण, स्तोत्रे घरी आपणच शिकवायची. शाळेने सगळ्या मुलांना एका बाकावर ठेवायचे. ही वाटणी मला तरी पटते.

स्पेन देशात थोडे वेगळे आहे. तिथे स्पॅनिश भाषा आलीच, धर्म हा विषय शाळेला ठेवावाच लागतो, पण तो घ्यायचा की नाही हे घरचे ठरवतात. मात्र शेवटच्या दोन वर्षांत तत्त्वज्ञान सगळ्यांना! फ्रान्समध्ये तर आपल्या बारावीसारख्या परीक्षेत तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो. पुढे डॉक्टर होणाऱ्या मुलीलाही तो सुटत नाही.

तत्त्वज्ञान : चुलीपाशीच सापडलेले

आपल्याकडे अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे दोन वेगळे विषय आहेत, आणि तेही निवडीचे. तत्त्वज्ञानात आपली भारतीय दर्शने येतात, तसे पाश्चात्त्य विचारवंतही. तर्कशास्त्रात विधान म्हणजे काय, त्यावरून अनुमान कसे काढायचे, बोलण्यातले तर्कदोष कसे ओळखायचे, हे शिकवतात. गणितासारखी कोष्टकेही मांडावी लागतात.

मी वहिनींना म्हटले, "हे कुणा परक्याचं शास्त्र नाही." आपल्या न्यायदर्शनातले जुने उदाहरण ऐका. डोंगरावर अग्नी आहे. कशावरून? धूर दिसतो म्हणून. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. पाच पायऱ्या झाल्या! आणि त्या पंडितांना दाखला सापडला तो आपल्या स्वयंपाकघरात.

वहिनी हसल्या. "म्हणजे थर्मलच्या चिमणीतून धूर दिसला की आत भट्टी पेटली, तसंच ना?"

"तसंच. पण उलटं म्हणता येईल का? अग्नी आहे म्हणजे धूर असणारच?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "छे! गॅसवर कुठं धूर असतो?"

जुन्या ग्रंथांत इथे तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला आहे. वहिनींनी गॅसचा दिला. दोन्ही बरोबर!

आणि आजींची ती कीर्तनाची गोष्ट? शेजारी अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांचा 'विवेकसिंधू' परंपरेने शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ चा मानतात. मराठीत वेदान्त सांगणारा तो जुना ग्रंथ, आणि त्यातही शिष्य प्रश्न विचारतो, गुरू उत्तर देतात. शिष्याने विचारले म्हणून तो उद्धट ठरला नाही. मग आपल्या लेकीने विचारले, तर तीच तेवढी उद्धट कशी?

नाव भरण्यापूर्वी

हुरळूनही जाऊ नका. हे विषय सगळ्याच कॉलेजांत नसतात. फॉर्म भरण्याआधी तिथे विषय आहे का, शिकवायला प्राध्यापक आहेत का, हे स्वतः जाऊन विचारा. बालभारतीची पुस्तके मराठीत आहेत, ती आधी चाळा. तर्कशास्त्र घेतले म्हणजे नोकरी ठेवलेलीच, असे मुळीच नाही. पण बारावीनंतर वकिलीला जाण्यासाठी जी प्रवेश परीक्षा असते, तिच्यात तर्कावरचे प्रश्न येतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय घेता येतो. आणि मुलीला खरोखर सायन्सची ओढ असेल, तर तिला उगाच इकडे ओढू नका.

वहिनींच्या लेकीने शेवटी आर्ट्सच घेतले. वडील महिनाभर घुश्शात होते. आजी अजूनही "पोरीची जात" म्हणून सुस्कारा टाकतात. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही.

पण परवा वहिनी सांगत होत्या. घरात मुलीच्या लग्नाचा विषय निघाला. आजी म्हणाल्या, "आपल्या घरच्या सगळ्या पोरी विसाव्या वर्षी नांदायला गेल्या, हिनंही जावं." पूर्वी लेक दार आपटून आत गेली असती. या वेळी ती आजींच्या पायाशी बसली आणि शांतपणे म्हणाली, "आजी, त्या गेल्या हे खरं. पण म्हणून मी जावं, हे कशावरून?" आजींना उत्तर सुचेना. त्यांनी तिच्याच हातचा चहा मागितला.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "पोरगी उलटून बोलायची कमी झाली. आता नुसतं 'कशावरून' म्हणती." मग पदराने तोंड पुसत जरा थांबल्या. "आमचं बी लग्न असंच, सगळ्यांचं होतं म्हणून झालं. मला तवा हा एक शब्द ठाऊक असता तर!"