पोट न फाडता गाठ काढणारी दुर्बीण

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये काय किंवा लातुरात काय, ‘दुर्बीण टाकून बघू’ हे वाक्य आता कुणाला नवं नाही. सुमारे बोटाएवढी जाड, मीटरभर लांब लवचीक नळी. टोकाला कॅमेरा, दिवा आणि अवजार सरकवायला एक अरुंद वाट. या वाटेने जठरातली गाठसुद्धा काढता येते, हे मात्र पुष्कळांच्या कानावर आलेलं नसतं.

देठ असलेला पॉलिप असेल तर काम सोपं. तारेचा फास टाकायचा, करंट द्यायचा, पॉलिप सुटतो. पसरट गाठीची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी जपानी डॉक्टरांनी ‘ईएसडी’ ही पद्धत बसवली.

जठराच्या भिंतीत आत अस्तर, त्याखाली एक सैल थर आणि त्याखाली स्नायू असतो. अशा गाठीतला कॅन्सर अगदी सुरुवातीला अस्तरापुरताच असतो. डॉक्टर आधी गाठीभोवती ठिपके उमटवतात. मग सैल थरात सुईने निळसर द्रव सोडतात आणि तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं अस्तर वर उचललं जातं. ठिपक्यांच्या बाहेरून काप घेऊन करंटच्या सुरीने खालचा निळा थर तंतू-तंतू सोडवत जायचं. खाली पांढरट स्नायू दिसला की हात आवरायचा. तो फाटला तर जठराला भोक पडतं. म्हणूनच १९९०च्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात सुरीच्या टोकाला चिनीमातीचा बारीक मणी बसवला गेला. वाटेत रक्तवाहिनी लागली तर ती जागीच भाजून बंद करतात, भोक पडलंच तर क्लिप लावतात. मोठ्या गाठीला काही तास लागतात.

निघालेला तुकडा टाचण्यांनी ताणून पॅथॉलॉजीकडे जातो. कडा स्वच्छ आल्या आणि मूळ खोल नसलं तर जठर शाबूत राहतं, पोटावर टाका पडत नाही. मूळ खोल निघालं तर मोठं ऑपरेशन बहुधा टळत नाही.

हे काम सरावाच्या हातांचं, म्हणून बरेच पेशंट हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतात. पण खरी अडचण प्रवासाची नाही. जपानमध्ये ही पद्धत रुजली, कारण तिथे तक्रार नसलेल्यांचीही पोटतपासणी होते आणि गाठ लहान असतानाच सापडते. आपल्याकडे मेडिकलवरून पित्ताच्या गोळ्या आणत वर्ष निघून जातं, आणि दुर्बीण टाकेपर्यंत गाठ स्नायूत उतरलेली असते. मग सुरी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर पित्ताचा त्रास नव्याने सुरू झाला, किंवा कोणत्याही वयात वजन विनाकारण उतरलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, तपासणीत अंगात रक्त कमी निघालं, घास अडकू लागला, तर गोळी बदलत बसू नका. दुर्बिणीची तपासणी नांदेड-लातुरातच होते आणि काही मिनिटांत उरकते. ती वेळेवर करून घ्या.