मनाची वस्ती (लेखांक ७) : थोरल्या बहिणीने किती सोसायचे?

लार्स फॉन ट्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा २०११ सालचा ‘मेलन्कोलिया’ हा दोन बहिणींचा चित्रपट. धाकटी जस्टिन नैराश्याने पार खचलेली. थोरली क्लेअर तिला घरी ठेवून घेते, घास भरवते, वर नवऱ्याची कुरकुर सोसते. मग एक ग्रह पृथ्वीवर आदळणार हे दिसू लागते आणि पारडे फिरते : क्लेअर कोसळते, जस्टिन शांत राहते. खचलेल्या माणसाला सत्य आधी दिसते, असा अर्थ त्यातून काढणारे पुष्कळ आहेत. मुंबईच्या गोवंडीतल्या झोपडपट्टीत तो टिकत नाही. जस्टिनची शांतता ‘उद्या नाही’ या खात्रीवर उभी आहे (शिवाय तिच्या दिमतीला बहिणीचा वाडा आहे). गोवंडीत उद्या असतोच. शेजारचे देवनारचे कचऱ्याचे डम्पिंग १९२७ पासूनचे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तिथे पेटलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग विझली, कचरा राहिला. झोपडी तोडण्याची नोटीस, पावसाळा, घरातला टीबी यांचेही तसेच. आणि नळाला पाणी आले की हंडे भरायचेच असतात.

म्हणून विचार करायचा तो क्लेअरचा. ती मनाने दुबळी नाही. सांभाळणारी आणि आजारी दोघी एकाच संकटाखाली आहेत, हे तिच्या कोसळण्याचे कारण. देवनारच्या धुरात दोन्ही बहिणींचा श्वास कोंडतो, नोटीस दोघींच्याही दारावर लागते. म्हणजे घरच्या मायेवर सोपवलेली शुश्रूषा नेमकी गरजेच्या वेळी तोकडी पडते. ‘आपल्याकडे कुटुंब असते, समुपदेशक कशाला?’ या प्रश्नाला जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कँबरवेल भागातील स्त्रियांच्या अभ्यासातून १९७८ मध्येच उत्तर दिले होते. मोठा आघात झाल्यावर नैराश्य येण्याचा धोका, नवऱ्याशी किंवा जोडीदाराशी मन मोकळे करता येत असेल, तर बराच कमी होता. आई, बहीण, मैत्रीण यांच्या आधाराने मात्र तेवढे संरक्षण मिळालेले दिसले नाही. कँबरवेल म्हणजे गोवंडी नव्हे, हे मान्य. तरी बहीण आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी या निष्कर्षापाशी थोडे थांबावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे काम डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडे सोपवले. सहा ते आठ भेटी, रुग्णाला छोट्या छोट्या कामांत पुन्हा गुंतवणे, एवढाच उपचार. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. गोळ्यांची गरज यामुळे संपत नाही, कचऱ्याचा डोंगरही हलत नाही. पालिकेला तर यातून मुळीच सुटका नको. पण समुपदेशक त्याच गल्लीतली असली तर तिच्याही घरात धूर शिरणार, हे खरे. म्हणूनच तिला मानधन, सुट्टी आणि तिच्या कामावर नजर ठेवणारे सहकारी लागतात. थोरल्या बहिणीला यातले एकही मिळत नाही.