मत बदलण्याची किंमत : ईव्ह मोंताँ

फ्रान्सने ज्याला आपला सर्वांत फ्रेंच गायक मानलं, तो जन्माने इटालियन होता. इव्हो लिव्ही हे त्याचं मूळ नाव. जन्म 13 ऑक्टोबर 1921, तस्कनीतल्या मोन्सुम्मानो या गावी. वडील कट्टर कम्युनिस्ट, केरसुण्या बनवून विकणारे. मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांचा जाच असह्य झाला तेव्हा कुटुंबाने देश सोडला आणि मार्सेय बंदरातल्या गरीब वस्तीत बिऱ्हाड थाटलं. मुलाची शाळा लवकर सुटली. शेवयांच्या कारखान्यात, बहिणीच्या केशकर्तनालयात, मग गोदीत त्याने काम केलं. मोंताँच्या राजकारणाचं मूळ पुस्तकांत शोधू नये, ते या घरात आहे.

मार्सेयच्या रंगमंचावर तो काउबॉयची गाणी म्हणायचा, अमेरिकी नटांच्या नकला करायचा. 1944 मध्ये पॅरिसमध्ये त्याची गायिका एदित पियाफशी गाठ पडली. प्रेमप्रकरण थोड्या काळाचं, पण शिकवणी जन्माला पुरली. काउबॉयचा सोंगाडेपणा टाकून खऱ्या माणसांची गाणी निवडायला पियाफने त्याला लावलं. पुढे तपकिरी शर्ट आणि तपकिरी पँट हा त्याचा ठरलेला वेश झाला. पियानोवर बॉब कास्तेला, गिटारवर आँरी क्रोला आणि समोर हा उंच, लांब हातांचा माणूस. प्रत्येक गाणं म्हणजे छोटं नाटक. हात कधी उचलायचा, पाऊल कुठे थांबवायचं, हे तो आरशासमोर घोटून घ्यायचा. प्रेक्षकाला मात्र ते सारं आत्ताच सुचल्यासारखं वाटे.

1946 चा मार्सेल कार्ने यांचा ‘ले पोर्त द ला न्युई’ सपशेल पडला. पण त्याच चित्रपटातून झाक प्रेव्हेर आणि जोझेफ कोस्मा यांचं ‘ले फय मोर्त’ हे गाणं बाहेर आलं आणि पुढे मोंताँच्या आवाजाशी कायमचं जोडलं गेलं. नट म्हणून तो सिद्ध झाला 1953 मध्ये, क्लुझो यांच्या ‘ल सालेर द ला पर’मध्ये. नायट्रोग्लिसरीन भरलेले ट्रक डोंगरवाटांनी हाकणाऱ्या चौघांची ती कथा. तोवर 1951 मध्ये अभिनेत्री सिमोन सिन्योरेशी त्याचं लग्न झालं होतं. दोघंही डाव्या चळवळीच्या जवळची, आणि दोघांनीही अण्वस्त्रबंदीच्या स्टॉकहोम आवाहनावर सही केलेली.

मग 1956 साल उजाडलं. सोव्हिएत दौरा आधीच ठरलेला, आणि नोव्हेंबरात रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. गेलं तर उजवे फाडून खाणार, न गेलं तर डावे. मोंताँ गेला, सोबत सिमोनही. मॉस्कोत ख्रुश्चॉव्ह आणि सोव्हिएत नेत्यांसोबत जेवणाच्या मेजावर बसून त्या दोघांनी हंगेरीबद्दल तोंडावर प्रश्न विचारले. उत्तरांनी समाधान झालं नाही. विश्वास एका रात्रीत तुटत नाही, पण तडा तिथेच गेला.

अमेरिकेचा व्हिसा बराच काळ नाकारला गेला होता. 1959 मध्ये ब्रॉडवेवरच्या एकपात्री कार्यक्रमाने न्यूयॉर्क जिंकलं आणि त्यातून हॉलिवूडचं दार उघडलं. 1960 च्या ‘लेट्स मेक लव्ह’मध्ये मेरिलिन मन्रो त्याची नायिका होती. त्यांच्या प्रकरणावर आजवर इतकं लिहिलं गेलं आहे की मी त्यात भर घालत नाही. चित्रपट सामान्य होता.

त्याचं मोठेपण पुढच्या दशकात आहे. 1966 मध्ये आलँ रेने यांच्या ‘ला गेर ए फिनी’त त्याने थकलेला स्पॅनिश क्रांतिकारक उभा केला. पटकथा होर्हे सेम्प्रून यांची. 1969 च्या कोस्ता-गाव्रास दिग्दर्शित ‘झेड’मध्ये तो ग्रीक लोकप्रतिनिधी लाम्ब्राकिसवर बेतलेल्या भूमिकेत होता. पडद्यावर मोजका वेळ, तरी त्याचं सावट चित्रपटभर राहतं. हुकूमशाहीविरुद्धच्या या चित्रपटावर डावे खूश होते. पण लगेच 1970 मध्ये ‘झेड’च्याच मंडळींनी ‘लाव्हू’ केला. चेकोस्लोव्हाकियातला 1952 चा स्लान्स्की खटला, चौदा आरोपी, त्यांतले अकरा फासावर. जन्मठेप होऊन वाचलेल्या आर्तुर लंडनचं आत्मकथन हा त्याचा आधार. आरोपी कम्युनिस्ट आणि छळणारेही कम्युनिस्ट. झोपू न देणं, सतत चालायला लावणं, खोटा कबुलीजबाब घोकून घेणं. या भूमिकेसाठी मोंताँने दहा किलोंहून अधिक वजन घटवलं. त्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला मी नुसता अभिनय म्हणू शकत नाही. ज्या विचाराला त्याने तारुण्य दिलं, त्याचाच जाब तो स्वतःच्या देहातून विचारत होता. त्याचा थोरला भाऊ पक्षातच राहिला आणि दोघांमध्ये मोठं अंतर पडलं. ‘त्याने बाजू बदलली’ असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तुरुंग कुणाचा आहे हे पाहून त्याने छळाची व्याख्या बदलली नाही. चिलीत लष्कराने सत्ता बळकावल्यावर 1974 मध्ये तिथल्या निर्वासितांसाठी तो पुन्हा पॅरिसच्या ओलिम्पिया नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभा राहिला. क्रिस मार्करचा माहितीपट त्या तयारीचा घाम दाखवतो.

1981 मध्ये साठीत त्याने ओलिम्पिया पुन्हा गाजवलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायला. क्लोद बेरी यांच्या ‘जाँ द फ्लोरेत’ आणि ‘मानों दे सूर्स’चं चित्रीकरण चालू असताना, सप्टेंबर 1985 मध्ये, सिमोन गेली. 9 नोव्हेंबर 1991 रोजी बेनेक्स यांच्या ‘आयपी 5’च्या कामातच हृदयविकाराने त्यालाही गाठलं. पेर लाशेझच्या दफनभूमीत दोघं शेजारी आहेत.

ज्यांनी मोंताँ पाहिलाच नाही, त्यांनी ‘लाव्हू’पासून सुरुवात करावी आणि मग ‘मानों’कडे वळावं. त्यात पाण्याचा झरा बुजवणाऱ्या लोभी म्हाताऱ्याला एक आंधळी वृद्धा सांगते की, ज्याला तू देशोधडीला लावलंस तो तुझाच मुलगा होता. त्या क्षणी मोंताँ काहीच करत नाही. फक्त ऐकत राहतो.