तुमच्या उसाला तोड कधी? उत्तर नोंदीच्या तारखेत

इंदापूर तालुक्यात गाळप हंगाम सुरू झाला की शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न : आपल्या उसाला तोड कधी? भवानीनगरचा ‘छत्रपती’ असो की बिजवडीचा ‘कर्मयोगी’, शेतकी विभागाच्या निर्णयाचा पाया असतो ऊसनोंद.

नोंदीत काय असते?
गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख.

संगणक काय करतो?
लागणीच्या तारखेनुसार तोडणीचा क्रम लावतो. किती टोळ्या कुठे पाठवायच्या, हे अधिकारी रोजची गाळप क्षमता पाहून ठरवतात. काट्यावरील वजनांवरून आवक कळते. गव्हाणीपुढे वाहनांची रांग वाढली, तर तोड कमी करता येते. कारण तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात.

तुमचा फायदा काय?
एफआरपी उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये दर आहे. कोवळा ऊस गाळला, तर उतारा सगळ्यांचाच घसरतो.

काय तपासाल?
नोंदीतील तारीख आणि क्षेत्र. तारीख चुकली, तर संगणकाचा क्रमही चुकतो आणि पक्व ऊस फडातच उभा राहतो.