सात वर्षांचे स्वतंत्र राज्य

वापी स्टेशनच्या पूर्वेस काही कोसांवर दादरा व नगरहवेली हे दोन मुलूख आहेत. येथील पोर्तुगीज सत्ता १९५४ साली गेली. परंतु हे मुलूख भारतात सामील झाले १९६१ साली. मधली सात वर्षे ते पोर्तुगालच्या हाती नव्हते आणि कायद्याने भारताचेही नव्हते. अमेरिकेतील टेक्सास १८३६ साली मेक्सिकोतून फुटले व १८४५ साली संयुक्त संस्थानांत गेले, हे पुष्कळांनी वाचलेले असते. तसेच उदाहरण आपल्या शेजारी घडले आहे.

याचे मूळ पेशवाईत आहे. १७७९ च्या तहाने मराठ्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख सरंजाम म्हणून कबूल केला. दिला होता तो वसूल. पुढे इंग्रजी अमदानीत त्याची मालकी होऊन बसली. जमीन कसणारा माणूस बहुतेक वारली, कोकणा, धोडिया असा आदिवासी. त्याला मात्र यातले काहीच कोणी विचारले नव्हते.

दमणहून येथे येण्यास भारताची हद्द ओलांडावी लागे. १९५४ च्या जुलैत युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या लोकांनी दादरा घेतले, मग नरोली पडले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, असे निरनिराळ्या झेंड्यांचे लोक यात होते. गायक सुधीर फडकेही होते. भारताने पोर्तुगीज फौजेस वाट दिली नाही. गोव्याला अशी अडचण नव्हती, तेथे समुद्र मोकळा होता. म्हणूनच १९५५ च्या मे महिन्यात आमच्या पारनेरचे सेनापती बापट उतारवयात सत्याग्रहास गेले, तरी गोवा सुटण्यास १९६१ चा डिसेंबर उजाडला.

संप जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी युनियनची परीक्षा सुरू होते. येथेही तसेच झाले. प्रशासक नेमले गेले, वरिष्ठ पंचायत स्थापन झाली आणि रोजचा कारभार चालू राहिला. इकडे १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाटेचा हक्क होता; फौज, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना नव्हता; आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही.

मग वरिष्ठ पंचायतीने १९६१ च्या जूनमध्ये विलीनीकरणाचा ठराव केला. परंतु करारास दोन पक्ष लागतात, हे कामगारांस सांगावयास नको. भारताच्या पंतप्रधानांसमोर सही करणार कोण? तेव्हा भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बडलानी यांस एका दिवसापुरते त्या राज्याचे पंतप्रधान करण्यात आले. त्यांनी व नेहरूंनी करारावर सह्या केल्या. घटनेची दहावी दुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून हा मुलूख केंद्रशासित झाला. २०२० च्या २६ जानेवारीस तो दमण-दीवशी जोडला गेला.

मात्र पोर्तुगीज अमदानीतील जमीनधारणेच्या पद्धती रद्द करणारा कायदा १९७१ साली आला. म्हणजे निशाण उतरल्यावर सतरा वर्षांनी. स्वातंत्र्याचा हिशेब मांडताना आम्ही ही सतरा वर्षेही धरतो. कारण ज्याच्या नावाने लढा झाला, त्याच्या पदरात काय पडले, हे त्याशिवाय कळत नाही.