वाट चुकलेला पाहुणा

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कुणी विसरलेलो नाही. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं, एमआयडीसीतल्या कितीतरी भट्ट्या थंड होत्या. पाणी ओसरल्यावर एका फाउंड्रीच्या आवारात, वाळूच्या ढिगावर एक पक्षी बसलेला दिसला. पाठ काळी, पोट पांढरं, पंख लांबलचक. "चाचा, ह्यो बगळा न्हवं," वॉचमन म्हणाला. आम्ही वाटीत पाणी ठेवलं. संध्याकाळी पाहतो तर ढीग रिकामा.

घरी येऊन मी वहीत लिहिलं : समुद्राची चिठ्ठी घेऊन आलेला पाहुणा. पुढं एका पक्षीनिरीक्षकांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, तारीख? चोचीचा रंग? शेपूट दुभंगलेली होती का? फोटो? माझ्याकडं फक्त उपमा होती.

समुद्रपक्षी इथवर येऊ शकतो का? समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. पावसाळी वादळं बूबी, फ्रिगेट, सुरय अशा खोल समुद्रातल्या पक्ष्यांना कोकण किनाऱ्यावर आणून टाकतात. काळ्या पाठीचा सूटी टर्न हा सुरय तर घरटं सोडल्यावर काही वर्षं जमिनीला पायच लावत नाही. त्याचे पंख भिजतात, त्यामुळं लाटेवर बसून विसावाही घेता येत नाही. थकला की वारा नेईल तिकडं जायचं.

पण 'येऊ शकतो' म्हणजे 'आला' नव्हे. रशियाच्या पूर्वेकडचा स्टेलरचा समुद्रगरुड डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सला पोचला. २०२० साली अलास्कात दिसलेला तो हाच, हे पंखांवरच्या पांढऱ्या खुणांचे फोटो जुळवून ठरलं.

उलट गोष्ट आपल्या रानपिंगळ्याची. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना मिळालेला नव्हता. ब्रिटिश कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी मात्र १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला तो मिळाल्याचं लेबल लावून ठेवलं. नमुना होता संग्रहालयातून चोरलेला, जुनाच! त्या लेबलावर विसंबून शोधणारे भलत्याच रानात हिंडले. ही लबाडी पामेला रासमुसेन यांनी पकडली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सोबत्यांना तो जिवंत दिसला, शहाद्याजवळ, आपल्या खानदेशातच.

माझी लबाडी नव्हती, आळस होता. पण कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. आता खिशात छोटी वही असते. आधी तारीख, वेळ, जागा. मग चोच, पाय, शेपूट. उपमा सुचलीच तर मागच्या पानावर. वाळूच्या ढिगावरच्या त्या पाहुण्याची नोंद मी कुठंच दिली नाही. महिना आठवतो, तारीख आठवत नाही.